छोट्या खाजगी विमानातून देशाची सीमा ओलांडणे : भाच्याच्या आग्रहावरून पडलेले काही प्रश्न

टॉवेलवाला (१४ एप्रिल, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. माझा सख्खा भाचा अमेरिकेत सिॲटलच्या उत्तरेला एव्हरेट येथे राहतो आणि आता तिथला नागरिक आहे. गेल्या वर्षी त्याने खाजगी वैमानिकाचा परवाना मिळवला. जुलैमध्ये आम्ही उभयता तिकडे जाणार आहोत आणि त्याने फोनवर जाहीर केले आहे की, चार आसनांचे सेसना १७२ भाड्याने घेऊन तो मामा-मामींना कॅनडातल्या व्हिक्टोरियाला दुपारच्या जेवणाला नेणार आणि संध्याकाळी परत आणणार. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे आपण सोलापूरहून सकाळी विजापूरला लग्नाला जाऊन रात्री घरी परततो तितकेच.

विजापूरला जाताना टाकळीपुढे भीमेचा पूल ओलांडला की कर्नाटक लागते आणि कोणी काही विचारत नाही. येथे मात्र दोन देश आहेत. विमान हवेतच असताना पासपोर्ट कोण पाहतो? अमेरिकेचा व्हिसा असताना कॅनडाचा वेगळा लागतो का? आणि हा बेत मुळात शहाणपणाचा आहे का? आमच्या आक्काचे, म्हणजे भाच्याच्या आईचे म्हणणे असे की, ज्याला नवी पेठेत स्कूटर धड लावता येत नव्हती त्याच्या विमानात बसू नये.

कडकभाकरी (१४ एप्रिल, रात्री ९.५२)

आक्कांचा मुद्दा आधी निकाली काढावा. कॅनडाचे नंतर पाहता येईल.

उत्तरेचा_सोलापूरकर (१५ एप्रिल, सकाळी ७.१०)

मी व्हँकूव्हरला राहतो आणि हीच सीमा छोट्या विमानातून बऱ्याच वेळा दोन्ही दिशांनी ओलांडली आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट व्हिसाची. आपण भारतीय पासपोर्टवर प्रवास करणार असाल, तर अमेरिकेचा व्हिसा कॅनडात चालत नाही. कॅनडाचा स्वतंत्र व्हिसा लागतो आणि त्यासाठी आजच अर्ज करावा. परतताना अमेरिकेत पुन्हा प्रवेश करायचा असल्याने तिथला व्हिसाही एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा असलेला बरा. विमान जंबो असो की सेसना, प्रवाशाला लागणारे कागद सारखेच असतात.

आता आपला मुख्य प्रश्न. पासपोर्ट हवेत कोणी पाहत नाही, तो विमान उडण्याआधीच पाहिला गेलेला असतो. अमेरिकेतून निघताना आणि अमेरिकेत परतताना, दोन्ही वेळा वैमानिकाने ‘ई-एपिस’ नावाच्या संगणकीय प्रणालीवर स्वतःची, विमानाची आणि प्रत्येक प्रवाशाची माहिती उड्डाणाच्या किमान ६० मिनिटे आधी पाठवावी लागते, आणि मंजुरीचा ईमेल हाती आल्याशिवाय निघता येत नाही. कॅनडात शिरण्यासाठी तिकडच्या सीमासेवा खात्याला फोन करावा लागतो. तो पोहोचण्याच्या किमान २ तास आणि जास्तीत जास्त ४८ तास आधी. व्हिक्टोरियाला उतरल्यावर नेमून दिलेल्या जागी विमान उभे करून वैमानिक पुन्हा फोन करतो. बऱ्याचदा कोणी अधिकारी येतही नाही. फोनवरच एक क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवायचा आणि जेवायला जायचे.

परतीला इतकी मोकळीक नसते. ई-एपिसशिवाय, ज्या विमानतळावर उतरणार तिथल्या कस्टम्स कार्यालयाला आगाऊ फोन करून उतरण्याची परवानगी घ्यावी लागते आणि सांगितलेली वेळ पाळावी लागते. अनुभवी वैमानिक फोन उचलणाऱ्या अधिकाऱ्याची आद्याक्षरे आणि वेळ वहीत टिपून ठेवतात. उतरल्यावर अधिकारी विमानापाशी येईपर्यंत दार उघडून बाहेर पडायचे नाही, मग मामींना कितीही उकडो. न कळवता आल्यास पहिल्या वेळचा दंडच ५,००० डॉलर आहे आणि पुढच्या वेळी १०,०००.

यांखेरीज सीमा ओलांडताना फ्लाइट प्लॅन, म्हणजे उड्डाणाचा आराखडा, दाखल केलेला आणि चालू असला पाहिजे, हवाई वाहतूक नियंत्रकाने दिलेला चार आकडी कोड ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर) लावलेला असला पाहिजे आणि नियंत्रकाशी रेडिओवर संपर्क असला पाहिजे. देशांतर्गत उड्डाणात न लागणारा विमानाचा रेडिओ-परवाना आणि वैमानिकाचा रेडिओ चालवण्याचा परवाना येथे लागतो, हे नव्या वैमानिकांना हमखास माहीत नसते. विमान भाड्याचे असल्याने त्याचा विमा कॅनडात लागू आहे का, हे मालकाकडून लेखी घ्यावे.

सात_रस्ता (१५ एप्रिल, सकाळी ११.२५)

सविस्तर उत्तराबद्दल आभार, परंतु मला हे सगळे अकारण अवघड करून सांगितल्यासारखे वाटते. त्याच सीमेवर लोक मोटारीने रांगेत उभे राहतात, खिडकीतून पासपोर्ट देतात आणि दोन मिनिटांत पलीकडे जातात. चार माणसांच्या विमानाला मोटारीपेक्षा वेगळे का वागवावे?

उत्तरेचा_सोलापूरकर (१५ एप्रिल, रात्री ८.०५)

सात_रस्ता, कारण मोटारीला नाक्यावरूनच जावे लागते. विमानाला नाका नसतो. ते सीमेवरून कुठूनही शिरू शकते आणि शेतातल्या गवतावरही उतरू शकते, म्हणून कायद्याने नाका उचलून विमानतळावर नेऊन ठेवला आहे. आपण नकाशावरची रेघ ओलांडतो तेव्हा काहीच घडत नाही. सीमा खऱ्या अर्थाने ओलांडली जाते ती कस्टम्सच्या विमानतळावर, आणि त्याही आधी कागदावर. माझ्या हिशोबाने पाऊण तासाच्या उड्डाणासाठी पहिल्या खेपेला दोन संध्याकाळी कागदांत जातात.

याला एक गमतीचा अपवाद सांगतो. मिनेसोटा आणि मॅनिटोबा यांच्या सीमेवर पायनी-पाइनक्रीक येथे धावपट्टी वाढवताना ती चक्क सीमा ओलांडून कॅनडात नेली होती, म्हणजे विमानाची चाके एका देशात टेकून दुसऱ्या देशात थांबू शकत.

निवृत्त_मास्तर (१६ एप्रिल, सकाळी ६.३०)

उत्तरेचा_सोलापूरकर यांनी कागदाचे जे सांगितले त्याचे मूळ ७ डिसेंबर १९४४ च्या शिकागो करारात आहे. त्याच्या पहिल्याच कलमात प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण आणि एकमेव सत्ता मान्य केली आहे. दहाव्या कलमात कस्टम्सच्या विमानतळावर उतरण्याची सक्ती येते, तर एकोणतिसाव्यात विमानात कोणते कागद असावेत ते येते : नोंदणी प्रमाणपत्र, उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र, वैमानिकांचे परवाने, प्रवासाची नोंदवही, रेडिओचा परवाना, प्रवाशांची यादी. गंमत अशी की, पाचवे कलम वेळापत्रकाबाहेरच्या विमानांना पूर्वपरवानगीशिवाय दुसऱ्या देशावरून जाण्याचा आणि व्यापाराखेरीज अन्य कामासाठी उतरण्याचा हक्क देते. व्यवहारात मात्र अनेक देश सुरक्षेच्या कारणाने आधी परवानगी मागतातच आणि आपला देशही त्यांत आहे. कलमात हक्क आणि खिडकीवर अर्ज, हा प्रकार निवृत्तिवेतनाच्या कागदांमुळे मला नवा नाही.

ज्या दिवशी हे कागद कोणी पाळत नाही त्या दिवशी काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण मथियास रुस्ट. हा जर्मन तरुण १९८७ च्या २८ मे रोजी भाड्याच्या सेसना १७२ मधून, म्हणजे टॉवेलवाल्यांच्या भाच्याच्याच जातीच्या विमानातून, हेलसिंकीहून निघाला. स्टॉकहोमला जातो असे सांगून तो पूर्वेला वळला आणि संध्याकाळी मॉस्कोच्या लाल चौकाशेजारच्या पुलावर उतरला. तो दिवस सोव्हिएत संघात सीमारक्षक दिन म्हणून पाळला जात होता. संरक्षणमंत्र्यांना पद सोडावे लागले आणि रुस्टला सुमारे चौदा महिने कोठडीत काढावे लागले. तेव्हा त्याला एकोणिसावे वर्षही पूर्ण व्हायचे होते.

कडकभाकरी (१६ एप्रिल, सकाळी ९.१५)

मास्तर, ही गोष्ट आक्कांपर्यंत जाऊ नये, एवढी कृपा करावी.

होटगी_रोड (१६ एप्रिल, दुपारी १.४०)

माझे घर आपल्या विमानतळापासून जवळ असल्याने मला वेगळाच प्रश्न पडला आहे. विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली आणि २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचे विमान सुरू झाले. आता समजा, सोलापुरातल्या एखाद्या उद्योजकाने छोटे विमान घेतले, तर तो होटगी रोडवरून उडून थेट श्रीलंकेला जाऊ शकेल का?

मंगळवेढेकर (१६ एप्रिल, दुपारी २.०२)

चिमणीचा विषय निघालाच आहे, तर ती पाडण्याची गरज होती का आणि बोरामणीच्या विमानतळाचे काय झाले, यावरही

संपादक (१६ एप्रिल, दुपारी २.१०)

मंगळवेढेकर, आपला प्रतिसाद अर्धवट दिसतो आहे आणि तो तसाच राहू द्यावा, ही विनंती. चिमणीवर या संकेतस्थळावर सतरा धागे आहेत.

उजवे_आसन (१६ एप्रिल, रात्री १०.३०)

होटगी_रोड यांना उत्तर देतो. मी काही वर्षे विमानचालनाचा प्रशिक्षक होतो (प्रशिक्षक उजवीकडे बसतो, म्हणून हे नाव).

थेट जाता येणार नाही. आपल्या विमानतळावर कस्टम्स आणि इमिग्रेशन नाही, त्यामुळे आधी ती सोय असलेल्या विमानतळावर उतरावे लागेल. श्रीलंकेसाठी सोयीचे म्हणजे तिरुचिरापल्ली. सोलापूर ते तिरुची हवाई अंतर साधारण ८१५ किलोमीटर आहे. सेसना १७२ ताशी २०० ते २२० किलोमीटर वेगाने जाते, म्हणजे वारा विरुद्ध नसेल तर चार तासांच्या आसपास. तिथून जाफना सुमारे १८५ किलोमीटर, एका तासाच्या आत. सगळ्या प्रवासातला समुद्राचा भाग अगदी थोडा आहे, पण खरे काम त्या तिरुचीच्या थांब्यावर आहे.

भारतात छोट्या विमानाला फ्लाइट प्लॅन दिल्यावर दोन क्रमांक घ्यावे लागतात, एक हवाई संरक्षणाच्या मंजुरीचा आणि दुसरा उड्डाण माहिती केंद्राचा. वैमानिक त्यांना एडीसी आणि एफआयसी म्हणतात. परदेशी नोंदणीचे खाजगी विमान भारतात आणायचे असेल तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून आणखी एक क्रमांक, वायए, मिळवावा लागतो. दृष्टीच्या आधारे उडणाऱ्यांना आपल्याकडे रात्री उडता येत नाही, त्यामुळे तिरुचीच्या खिडकीवर दोन तास गेले की दिवस संपला.

दुसरी अडचण इंधनाची. पिस्टन इंजिनाच्या विमानाला लागते ते ॲव्हगॅस, निळ्या रंगाचे. मोठ्या विमानांचे जेट इंधन त्यात चालत नाही आणि चुकून भरले तर इंजिन बंद पडते. आपल्या देशात २०२२ पर्यंत ॲव्हगॅस आयात करावे लागे. इंडियन ऑइलने त्या वर्षी ते गुजरातच्या रिफायनरीत तयार करायला सुरुवात केली. जगभर फिरणाऱ्या छोट्या विमानांचा मार्ग पुष्कळदा नकाशापेक्षा ॲव्हगॅसच्या पिंपांवरून ठरतो.

निवृत्त_मास्तर (१७ एप्रिल, सकाळी ६.१५)

यावरून आठवले. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराची ते मुंबई हे उड्डाण अहमदाबादमार्गे केले, तेव्हा ते देशांतर्गत उड्डाण होते. विमान न बदलता, वैमानिक न बदलता, पंधरा वर्षांत तोच मार्ग आंतरराष्ट्रीय झाला. मुंबईच्या आरोही पंडित यांनी २०२१ मध्ये त्या उड्डाणाची आठवण जागवली तेव्हा त्यांना कराचीऐवजी भूजहून निघावे लागले. याच आरोही पंडित यांनी २०१९ च्या मे महिन्यात हलक्या क्रीडाविमानातून एकटीने अटलांटिक ओलांडला होता, तोही स्कॉटलंड, आइसलंड, ग्रीनलंड आणि कॅनडा असे टप्पे घेत. म्हणजे अटलांटिक जमला, पण कराची नाही.

केंटमधली_लेक (१७ एप्रिल, दुपारी ४.२०)

माझे माहेर सोलापूरच्या बाळीवेशीतले, आणि यजमान इंग्लंडमध्ये हौशी वैमानिक आहेत. आमच्याकडे लिड येथून उडून फ्रान्समधल्या ल तुकेला उतरणे ही वैमानिकांची पहिली परदेशवारी मानली जाते. अंतर सत्तर किलोमीटरच्या आत आहे. १९०९ च्या २५ जुलैला फ्रेंच वैमानिक लुई ब्लेरियोने हीच इंग्लिश खाडी कॅलेहून डोव्हरला सदतीस मिनिटांत ओलांडली, तेव्हा त्याच्याकडे होकायंत्रही नव्हते. आता ब्रिटिश सरकारकडे प्रवाशांचा अहवाल निघण्याच्या किमान दोन तास आधी द्यावा लागतो आणि फ्रान्सच्या बाजूलाही आगाऊ कळवावे लागते.

आमची फजिती मात्र कागदाने नव्हे, घड्याळाने केली. फ्लाइट प्लॅनमधली वेळ नेहमी जागतिक प्रमाणवेळेत लिहायची असते. यजमानांनी सवयीने उन्हाळ्यातली, म्हणजे एक तास पुढची, स्थानिक वेळ लिहिली. आम्ही दहा वाजता इंजिन चालू करून परवानगी मागितली, तेव्हा टॉवरवरून अतिशय सौजन्याने सांगण्यात आले की आपला प्लॅन एक तासानंतरचा आहे. मुले मागच्या आसनांवर जीवरक्षक जाकिटे घालून घामाघूम. भारतात हीच चूक केली असती तर फरक साडेपाच तासांचा पडला असता, असे म्हणून मी त्यांना धीर दिला, पण तो त्यांना लागू पडला नाही.

जाकिटांवरून टॉवेलवालेकाकांना एक सांगावेसे वाटते. एकच इंजिन असलेले विमान पाण्यावरून जाताना उंची हाच खरा विमा असतो. सेसना १७२ इंजिन बंद पडल्यावर दर एक किलोमीटर उंचीमागे साधारण नऊ किलोमीटर तरंगत जाते. दीड किलोमीटर उंचीवर असाल तर तेरा-साडेतेरा किलोमीटर. भाच्याला विचारा की तो कोणत्या उंचीवरून जाणार आहे आणि मार्गातल्या प्रत्येक ठिकाणाहून किनारा आटोक्यात आहे का. तिथे बेटे पुष्कळ आहेत, त्यामुळे मार्ग तसा आखता येतो. आणि जाकीट पायाशी न ठेवता आधीपासून अंगात घालायचे. तिकडचे पाणी उन्हाळ्यातही फार थंड असते.

टॉवेलवाला (१८ एप्रिल, रात्री ९.००)

सर्वांचे मनापासून आभार. भाच्याला उंचीचा प्रश्न विचारला. तो दोन क्षण गप्प बसला आणि मग म्हणाला, “मामा, हे तुला कोणी शिकवलं?” त्याने बेटांवरून जाणारा मार्ग आखून पाठवला आहे. परतीला तो सॅन हुआन बेटावरच्या फ्रायडे हार्बरला उतरून अमेरिकेचे कस्टम्स करणार आहे, कारण ते व्हिक्टोरियाहून अगदी जवळ आहे.

आणखी दोन शंका. मी खर्चातला वाटा दिला तर चालेल का? आणि चुकून दुसऱ्याच ठिकाणी शिरलो, तर लढाऊ विमान येते म्हणतात, ते खरे का?

उजवे_आसन (१८ एप्रिल, रात्री १०.१०)

खाजगी परवान्यावर भाडे घेऊन माणसे नेता येत नाहीत. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे इंधन, तेल, विमानतळाचा खर्च आणि विमानाचे भाडे एवढेच वाटून घेता येते, आणि त्यात वैमानिकाला स्वतःचा पूर्ण हिस्सा भरावाच लागतो. तिघे असाल तर भाच्याने एक तृतीयांश तरी दिलेच पाहिजे. जेवणाचे पैसे मामाने द्यायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.

लढाऊ विमान येते, हे खरे आहे. ते डावीकडे पुढे येऊन पंख हलवते, त्याचा अर्थ ‘माझ्या मागे या’ असा असतो. आपणही पंख हलवून होकार द्यायचा, मागे जायचे आणि रेडिओवर १२१.५ ही आपत्कालीन लहर लावायची. १९८३ मध्ये वाट चुकलेले कोरियाचे प्रवासी विमान सोव्हिएत संघाने पाडले, त्यानंतर उडत्या नागरी विमानावर शस्त्र वापरण्यापासून देशांनी दूर राहावे, असे कलम शिकागो करारात घालण्यात आले. तुमच्या मार्गावर मात्र नियंत्रक सतत बोलत असतो, त्यामुळे ही वेळ येणार नाही.

उत्तरेचा_सोलापूरकर (१९ एप्रिल, सकाळी ७.३०)

एक महत्त्वाची गोष्ट राहिली. ई-एपिसमध्ये नाव, पासपोर्ट क्रमांक आणि जन्मतारीख पासपोर्टवर आहे तशीच उतरवायची. आठवणीतून काहीही लिहायचे नाही. माझे वडील आले होते तेव्हा मी त्यांची खरी जन्मतारीख लिहिली आणि पासपोर्टवर निघाली १ जून. परतल्यावर विमानातच बराच वेळ खुलासा करत बसावे लागले.

सात_रस्ता (१९ एप्रिल, सकाळी १०.४५)

आमच्या घरी १ जूनचे चौघे आहेत. विमानभर होतील.

निवृत्त_मास्तर (१९ एप्रिल, सकाळी ११.००)

या पापात माझाही वाटा आहे. शाळा उघडली की दारात पालकांची रांग लागे, मुलाचा जन्म ‘मोठ्या दुष्काळाच्या साली, गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) अलीकडे’ एवढीच माहिती मिळे, आणि रजिस्टरमधला रकाना रिकामा ठेवता येत नसे. मी १ जून लिहून मोकळा होई. त्या रकान्याची चौकशी पुढे कॅनडाच्या सीमेवर होईल, हे तेव्हा कोणाच्या मनात येणार? योगायोगाची गोष्ट म्हणजे वर उल्लेख केलेल्या मथियास रुस्टचा जन्म खरोखरच १ जूनचा, १९६८ चा.

फ्रायडे हार्बरबद्दलही थोडे सांगतो. ज्या बेटावर तुम्ही कस्टम्स करणार, ते नक्की कोणत्या देशाचे यावरून १८५९ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांचे सैन्य समोरासमोर उभे होते, आणि निमित्त होते एका अमेरिकन शेतकऱ्याने बटाट्याच्या वाफ्यात शिरलेले डुक्कर मारल्याचे. शेवटी जर्मनीच्या सम्राटाने लवाद म्हणून १८७२ मध्ये अमेरिकेच्या बाजूने निकाल दिला आणि सीमा हॅरो सामुद्रधुनीतून गेली. तुम्ही ओलांडणार ती हीच रेघ.

टॉवेलवाला (६ ऑगस्ट, रात्री ८.१५)

मंडळी, जाऊन आलो. धागा वर आणल्याबद्दल क्षमस्व, पण ज्यांनी इतके लिहिले त्यांना सांगितल्याशिवाय राहवले नाही.

आदल्या रात्री भाचा ई-एपिस भरत बसला होता. मी मुद्दाम शेजारी बसलो. त्याने माझ्या जन्मतारखेच्या जागी ऑक्टोबरमधली तारीख लिहिली, कारण आक्का दर कोजागरीला मला दूध पाजून वाढदिवस करते आणि लहानपणापासून त्याने तेच पाहिले आहे. मी पासपोर्ट पुढे केला. मग मामींचा उघडला. तिथेही १ जून.

सकाळी समुद्रावर धुके होते, म्हणून निघायला दीड तास उशीर झाला आणि कॅनडाला पुन्हा फोन करून वेळ बदलून घ्यावी लागली. उड्डाण झाले पाऊण तासाचे. बेटांवरून जाताना आवाज इतका होता की कानावरच्या हेडफोनशिवाय एकमेकांचे काही ऐकू येईना, आणि हॅरो सामुद्रधुनी कधी मागे पडली ते मला भाच्याने सांगितल्यावर कळले. व्हिक्टोरियाला कोणीही अधिकारी आला नाही. फोनवर क्रमांक मिळाला, तो मी माझ्याही डायरीत लिहिला आहे.

फ्रायडे हार्बरला मात्र उतरल्यावर आम्ही दार लावून बसून राहिलो. मामी दोनदा म्हणाल्या, “अरे, निदान खिडकी तरी उघड.” अकरा मिनिटांनी अधिकारी आला. त्याने दोन्ही पासपोर्ट पाहिले, पुन्हा पाहिले आणि विचारले की नवरा-बायकोचा जन्म एकाच तारखेचा कसा. भाचा उत्तर जुळवत होता, तेवढ्यात मामींनी स्वच्छ सांगितले, “स्कूल टीचर.” अधिकाऱ्याने मान हलवली आणि म्हणाला, असे पासपोर्ट त्याने आधीही पाहिले आहेत.

खर्चाचा दोन तृतीयांश मी दिला, एक तृतीयांश भाच्याने. आक्काला फोटो दाखवले. पुढच्या उन्हाळ्यात तिला यायचे आहे आणि कॅनडाच्या व्हिसाचा अर्ज भरायला तिने मला शनिवारी बोलावले आहे.

कडकभाकरी (६ ऑगस्ट, रात्री ८.२१)

जाताना त्यांचा पासपोर्ट आधी पाहावा. तिथेही बहुधा मास्तर भेटतील.